गेटबाहेर अंथरलेली

मित्रांनो, मला जुनी म्हणा, विटकी म्हणा, एका कोपऱ्याला कुरतडलेली म्हणा, माझी तक्रार नाही. फक्त सतरंजी म्हणू नका. मी व्यायामाची चटई आहे. रबराची, जाड, आणि अजून कामाची. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा शेवटी उसासा टाकतात म्हणे. माझ्याकडून ते होणार नाही. माझ्या आयुष्यात रडण्यासारखे थोडे घडले आणि भांडण्यासारखे पुष्कळ. तेच सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. भट्टीतून फुगलेले रबर लांबच लांब पट्टा होऊन बाहेर येई, वरून पाते खाली उतरे, आणि आम्ही बहिणी एकमेकींपासून सुट्या होत असू. साध्या आसनांच्या चटया पातळ असतात. आम्ही पिलाटीजसाठी होतो. या व्यायामात माणूस पाठीवर पडून कण्याचा एकेक मणका उचलतो आणि एकेक मणका पुन्हा खाली ठेवतो. खाली टणक फरशी असली की मणके कुरकुरतात. म्हणून आमची जाडी. तपासणीला बसलेली बाई प्रत्येकीत अंगठा रुतवून बघे. खड्डा पडून लगेच भरला की चटई पास. माझा खड्डा भरायला जरा वेळ लागला. तिने पुन्हा अंगठा दाबला, आणखी एकदा दाबला, मग शेजारणीला म्हणाली, "ही दाबलेलं विसरत नाही लवकर." आणि तरीही मला पास करून पुढे ढकलले. माझा स्वभाव तिने तिथेच ओळखला होता.

खेळाच्या दुकानात रॅकेटींच्या मागे मी बराच काळ उभी होते. धूळ खात उभे राहणे हे चटईच्या जातीला शोभत नाही. एके दिवशी कमरेला हत्यारांचा पट्टा लावलेला एक माणूस आला आणि दुकानदाराला म्हणाला, "जाड चटई द्या. बायकोची पाठ गेलीय."

हे आमचे दादा. लिफ्ट दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. शहरभरच्या लिफ्ट त्यांच्या हाताखालून जात, आणि त्यांच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट मात्र महिन्यातले अर्धे दिवस बंद असे. घर सगळ्यांत वरच्या मजल्यावर. तिथे मला अंथरले तेव्हा मी वहिनींना पहिल्यांदा पाहिले. त्यांना इमारतीत सगळे वहिनीच म्हणत. त्या पडदे शिवत. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे, पितळी कड्यांचे डबे. हॉटेलांचे पडदे, दवाखान्यांचे पडदे, मोठमोठ्या खिडक्यांचे जाड पडदे. असाच एक मखमलीचा गठ्ठा दारातून आत ओढताना त्यांच्या कमरेत काहीतरी सटकले आणि दादा कामावरून येईपर्यंत त्या उंबरठ्यावरच पडून राहिल्या होत्या.

त्यांना व्यायाम शिकवायला जी फिजिओथेरपिस्ट येत असे ती गोड बोलणाऱ्यांतली नव्हती.

"गोळीनं दुखणं गप्प बसतं, पाठ सुधारत नाही," ती म्हणाली. "पोटाचे आणि पाठीचे आतले स्नायू झोपलेत तुमचे. त्यांना उठवायचं. रोज."

"आणि नाही जमलं तर?" वहिनींनी विचारले.

"तर मशीन विकून टाका. पुढंमागं ऑपरेशनही करावं लागेल."

 ती गेल्यावर वहिनींनी मशीनवर झाकलेले फडके काढले, चाकावर हात ठेवला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. बसता तर येतच नव्हते.

पलंग आणि कपाट यांच्यामधल्या फटीत माझी जागा होती. गुडघे वाकवून, पाय टेकवून वहिनी माझ्यावर पडत. श्वास फासळ्यांत भरायचा, सोडताना पोट आत घ्यायचे, मग कंबर उचलायची, पाठ उचलायची, शिडीच्या पायऱ्या चढाव्यात तशी. माझ्याइतकी त्यांची पाठ कुणाला माहीत असणार? त्यांच्या कमरेजवळचा एक मणका नेहमी मागे राही. बाकीचे उठून गेले तरी तो माझ्यावर पसरलेला, सुट्टीच्या दिवशी अंथरुणात लोळणाऱ्या मुलासारखा. वहिनी दात ओठ खाऊन त्याला ओढून नेत.

थंड दिवसांत हे चालून गेले. मग ऊन तापायला लागले. वरचा मजला, डोक्यावर तापलेली गच्ची, आणि गरम हवाच इकडून तिकडे ढकलणारा पंखा. वहिनींच्या अंगाला घामाच्या धारा लागत आणि मी निसरडी होई. एका सकाळी कंबर वर असतानाच त्यांची टाच घसरली आणि त्या माकडहाडावर आदळल्या. मी होते म्हणून बरे. तरी त्या दिवशी त्यांना उठून बसायला दादांचा खांदा लागला. मला गुंडाळून दाराआड ठेवले गेले. दुसऱ्या दिवशी कुणी मला उलगडले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. दाराआडून मला फक्त मशीनची एक बाजू दिसे, आणि तिच्यावरचे फडके.

मग एका पहाटे वहिनींनी मला काखेत मारले आणि जिना उतरायला सुरुवात केली. लिफ्ट बंद होती, हे सांगायला नकोच.

इमारतीच्या पुढे, गेटच्या बाजूला बाग होती. मधोमध हिरवळ, भोवती चालण्याची वाट, कुंपणाच्या भिंतीला लागून एक मोठे डेरेदार झाड. वहिनींनी झाडाखालची जागा पायाने चाचपली, खडे वेचून बाजूला टाकले आणि मला पसरले. मित्रांनो, कारखान्यातली फरशी, दुकानाची फळी आणि फ्लॅटची लादी एवढेच मला ठाऊक होते. खाली गवत म्हणजे काय असते ते त्या दिवशी कळले. जमीन उंचसखल होती, मुंग्यांचा एक रस्ता माझ्या कडेने जात होता. पण वारा होता. वहिनींनी दोन्ही हात डोक्यामागे ताणले आणि ते कशालाही आपटले नाहीत. त्यांनी ते तसेच ताणून ठेवले, व्यायामाला लागतो त्याहून जास्त वेळ.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीच सेक्रेटरी आले. इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी रोज सकाळी आपल्या मित्रमंडळींबरोबर त्या वाटेवर फेऱ्या मारत. त्या दिवशी मंडळी पुढे गेली आणि ते माझ्यापाशी थांबले. बोलताना त्यांनी झाडाच्या फांदीकडे बघितले, वहिनींकडे नाही.

"वहिनी, हे असं उघड्यावर उताणं पडणं बरं दिसत नाही."

"कुणाला?" वहिनींनी विचारले. त्यांची कंबर हवेत होती.

"लोक येतात-जातात. म्हातारी माणसं असतात. घरात करा ना, घर आहे की एवढं."

"घरात उकडतं."

"उन्हाळ्यात सगळ्यांनाच उकडतं हो. म्हणून काय सगळे बागेत येऊन झोपतात?"

"मी झोपले नाही, सेक्रेटरी. झोपलेल्या माणसाला एवढा घाम येत नाही." आणि त्या एकेक मणका टेकवत खाली आल्या. तो आळशी मणका त्या दिवशी रागाच्या भरात जरा लवकर टेकला, हे मी खात्रीने सांगते.

संध्याकाळपर्यंत गोष्ट दादांच्या कानावर गेली होती. दादा भांडखोर नाहीत. ते लिफ्टशी बोलतात तेवढे माणसांशी बोलत नाहीत. जेवताना ते म्हणाले, "घरातच कर ना थोडे दिवस. उगाच तोंडाला तोंड कशाला?"

वहिनींनी ताट बाजूला सारले. मला पलंग आणि कपाट यांच्यामध्ये टाकले. "ये. झोप हिच्यावर."

"मी कशाला?"

"माझ्याऐवजी. मी सांगते तसं कर."

दादा माझ्यावर आडवे झाले. वहिनींनी सांगितले, हात वर. कपाटावर दाणकन आवाज झाला. हात बाजूला, तर पलंगाच्या पायाला. पाय उचल, धरून ठेव, श्वास सोड. गच्ची दिवसभराचे ऊन खोलीत ओतत होती. थोड्याच वेळात दादांच्या मानेवरून घाम माझ्यावर गळायला लागला आणि त्यांचे पाय थरथरू लागले. "अजून किती?" त्यांनी विचारले. "मी रोज करते त्याच्या अर्धंही झालं नाही," वहिनी म्हणाल्या. दादा उठले, कोपर चोळत बाथरूममध्ये गेले, डोक्यावर पाणी ओतून आले.  सकाळी वहिनींनी चप्पल घालेपर्यंत मी दादांच्या खांद्यावर होते, आणि ते जिना उतरायलाही लागले होते.

मग सेक्रेटरींनी युक्ती काढली. बागेला दुपारी मिळणारे पाणी पहाटे सोडायला लावले. आम्ही पोचलो तेव्हा हिरवळीचा चिखल झालेला. वहिनी क्षणभर काठावर थांबल्या. मला वाटले, आता परत जिना. त्यांनी मला चिखलात अंथरले. माझ्या पोटाखालून पाणी वाहत होते, अंगात शिरत होते, मी वजनाने दुप्पट झाले. पण बुडाले नाही. वहिनी पालथ्या झाल्या आणि त्यांनी पोहण्याचा व्यायाम केला, एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय उचलून. तळमजल्यावरच्या खिडकीतून हसण्याचा आवाज आला. तिथे एक निवृत्त नर्स राहत असे. आयुष्यभर रुग्णांना उचलून तिची पाठ कमानीसारखी झाली होती.

"पाणी आहे म्हणून पोहताय होय?" ती म्हणाली. "थांबा, मीही येते. माझीही पाठ बिघडलेलीच आहे."

ती जुने ब्लँकेट घेऊन आली. चार दिवसांनी शाळेची बस चालवणारी आली, दिवसभर स्टिअरिंगमागे बसून आखडलेली. वहिनी त्यांना फिजिओथेरपिस्टचे शब्द तसेच्या तसे सांगत, अगदी तिच्या खडूस आवाजासकट. सेक्रेटरींच्या फेऱ्या आता आमच्यापाशी आल्यावर वेग घेत.

शेवटी त्यांनी कमिटीतर्फे सगळ्या इमारतीची सभा बोलावली.

हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. वहिनींना खुर्चीवर फार वेळ बसता येत नसे, हे इमारतीत सगळ्यांना माहीत होते. त्या आल्या, दोन रांगांमधल्या मोकळ्या जागेत त्यांनी मला उलगडले आणि त्या माझ्यावर पाठ टेकून, गुडघे वाकवून पडल्या. 

"मी आडवी होऊनच बोलणार आहे," त्या छताकडे बघत म्हणाल्या. "ज्यांना ऐकू येत नसेल त्यांनी जरा वाकावं. कंबर चांगली असेल तर जमेल."

मागे कुणीतरी हसू दाबले.

"वहिनी, हे सभेत शोभतं का?" सेक्रेटरी म्हणाले.

"बागेत शोभत नाही, सभेत शोभत नाही. मग पाठ दुखणाऱ्या माणसानं दुखायचं तरी कुठं?" वहिनींचा आवाज चढला नव्हता. माझ्यावर टेकलेली त्यांची पाठ मात्र थरथरत होती, ते कुणाला दिसले नाही. "मला परत मशीनवर बसायचंय. त्यासाठी मला वारा लागतो आणि हात पसरायला जागा लागते. तुमच्या चालण्याच्या वाटेवर मी कधी पाय ठेवला नाही. माझं अंग बघून कुणाला लाज वाटत असेल, तर लाज त्याची आहे. त्यानं ती घरी ठेवून यावी."

मतदान झाले. दादांनी दोन्ही हात वर केले आणि एकच मोजला जाईल असे त्यांना सांगावे लागले. मित्रांनो, या ठिकाणी मी तुम्हाला विजयाची गोष्ट सांगितली असती तर बरे वाटले असते. आम्ही हरलो. मागे हसणाऱ्यानेही विरोधात हात वर केला. बागेत चालावे, बसावे, मुलांनी खेळावे. आडवे होणे बंद. वहिनी उठल्या, मला गुंडाळले आणि कुणाकडेही न बघता निघाल्या. जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, त्या मला मिठीत धरून भिंतीला टेकल्या. रडल्या का, असे विचाराल. थोड्या रडल्या. मग नाक पुसून वर चढल्या.

सकाळी त्या बागेकडे वळल्याच नाहीत. सरळ गेटकडे गेल्या. पहारेकरी खुर्चीतून उठला.

"वहिनी, इकडे कुठं?"

"गेटच्या बाहेरचा फुटपाथ कुणाचा?"

"तो… नगरपालिकेचा. सगळ्यांचाच."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या.

फुटपाथ रुंद होता. बागेतले मोठे झाड कुंपणाला लागून होते. खोड आत, पण सकाळची सावली भिंत ओलांडून बाहेर पडे. सोसायटीला सावली अडवता येत नव्हती. वहिनींनी जागा झाडली आणि मला अंथरले. नर्स आली, बसवाली आली. रस्त्यावरून दुधाच्या गाड्या, सायकली, कामाला निघालेली माणसे. काही जण हसले, एकाने शिट्टी मारली. बसवालीने मान वळवून त्याच्याकडे असे बघितले की तो चालता झाला. एक भला गृहस्थ तर पाण्याची बाटली घेऊन धावतच आला. बायका चक्कर येऊन पडल्यात असे त्याला वाटले. नर्सने डोळे न उघडता सांगितले, "शिंपडू नका. प्यायला द्या."

लपवायला निघालेल्यांनी आम्हाला पार दर्शनी जागेत आणून ठेवले होते. भाजी विकणारी आली, समोरच्या गल्लीतली एक शिक्षिका आली, तिची आई आली. कुणी चादर आणली, कुणी घोंगडी. ऊन सावली खात पुढे सरके तसतशी आमची रांगही भिंतीलगत सरके. उन्हाचा चटका लागायच्या आत आटपायचे, आधी आणि नंतर पाणी प्यायचे, डोके गरगरले की तिथेच थांबायचे, या बाबतीत वहिनी फिजिओथेरपिस्टपेक्षाही कडक झाल्या.

फुटपाथ मला महागात पडला, हेही सांगते. खडबडीत फरशीने माझी पाठ सोलली. एका कुत्र्याच्या पिल्लाने माझा कोपरा चावून पाहिला. जांभळा रंग उडून राखी झाला. पण त्याच फुटपाथवर एका सकाळी वहिनींनी कंबर उचलली आणि तो मागे राहणारा मणका बाकीच्यांबरोबर उठला. न ओढता, न रुसता, आपल्या रांगेत. फिजिओथेरपिस्टच्या आधी मला कळले. कंबर वर गेल्यावर वहिनी तशाच थांबल्या, खाली येईनात. "काय झालं?" नर्सने विचारले. "काही नाही," वहिनी म्हणाल्या. "काहीच दुखत नाही. ते बघतेय."

त्या आठवड्यात मशीनवरचे फडके निघाले. सुरुवातीला थोडा थोडा वेळ, मग जरा जास्त. मशीनची टकटक ऐकत मी दाराआड उभी असे.

मग सेक्रेटरींकडे त्यांचे होणारे व्याही सकाळच्या गाडीने आले. गेटपाशी बायकांची ही रांग बघून ते पहारेकऱ्याला म्हणाले, "इथं बायकांना घराबाहेर झोपवतात का?" पहारेकऱ्याने खरे ते सांगितले, सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी गेटबाहेर आले. या खेपेला त्यांनी वहिनींकडे बघितले.

"वहिनी, उद्यापासून आत या. हिरवळ मोकळीच असते. कमिटीचं मी बघतो."

वहिनींनी आपला श्वास पुरा केला, पाठ खाली टेकवली, मग बोलल्या. "आता आम्ही फक्त इमारतीतल्या नाही. या सगळ्या आल्या तर चालतील?"

सेक्रेटरींनी रांगेकडे नजर टाकली. "बाहेरच्यांना कसं आत घेणार? नियम आहे."

"मग राहू द्या. आम्ही बाहेरच्याच बऱ्या."

 कुणी उठले नाही. बसवालीने पुढचा व्यायाम मोजायला सुरुवात केली आणि सेक्रेटरी आत गेले. आम्ही अजून तिथेच आहोत.

मी मात्र मध्यंतरी नव्हते. वहिनींना सगळ्यांनी मिळून नवी चटई आणून दिली, हिरवीगार, वास अजून कारखान्याचा. दादांनी मला बाल्कनीत रंगाच्या डब्यांखाली टाकले. त्यांनी मला फेकायलाही काढले होते. बसमध्ये चिखल येऊ नये म्हणून पायपुसणे करायला बसवालीला देऊ, असेही एकदा ठरले. मी तशीच पडून राहिले. दाबलेले मी लवकर विसरत नाही, पण दाबून टाकल्याने मोडतही नाही.

या उन्हाळ्यात एक मुलगी गेटपाशी आली. पोस्टात बसून काम करते. बाळंतपणानंतर पाठ सरळ होत नव्हती. हातात काही नव्हते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघून ती परत फिरायच्या बेतात होती. वहिनी वर गेल्या, डबे उचलले आणि मला घेऊन आल्या. मला अंथरून तिला म्हणाल्या, "फाटकी आहे, पण हिला रस्त्याची सवय आहे. पड हिच्यावर. लोकांचं मी बघते." ती पोर भीत भीत टेकली. तिच्या पाठीत एक नव्हे, तीन आळशी मणके आहेत. आमचे काम सुरू झाले आहे.

तर मित्रांनो, माझी विनंती ऐका. मला ओली गुंडाळू नका, अंगाला वास येतो. भर दुपारच्या उन्हात टाकून जाऊ नका, रबर तडकते. टोकदार टाचा घालून माझ्यावर उभे राहू नका. पण जपायचे म्हणून मला कपाटात कोंडू नका, आणि आपल्या पाठीलाही कोंडू नका. तिला वारा लागू द्या. उद्या कुणी तुम्हाला म्हणाले, की हे असे उघड्यावर बरे दिसत नाही, तर वाद घालत बसू नका. मला काखेत मारा आणि खाली उतरा. मला जागा लागतेच किती? एका माणसाच्या लांबीएवढी. तेवढी मागून मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर अंथरा आणि आडवे व्हा.